बर्फ मोठेपणी भेटतो

१७ सप्टेंबर १९४८ ही तारीख मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि नांदेडपासून उस्मानाबादपर्यंतचा मुलूख भारतात आला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला त्याला १९८२ साल उजाडलं. त्याच वर्षी, इथून सतराएकशे किलोमीटर उत्तरेला, भारतीय सैन्य काश्मीरच्या डोंगरांत लढत होतं. १ नोव्हेंबरला मेजर जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत रणगाडे चढवले. साडेतीन हजार मीटर उंचीवर रणगाडे येतील अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. खिंड हाती आली, पण पुढे हिवाळा होता आणि बर्फात हालचाल करता येणारी माणसं फार थोडी होती. डिसेंबरात थिमय्यांच्याच हुकमानं गुलमर्गला १९ इन्फंट्री डिव्हिजनची स्की शाळा उघडली. १९६२ पासून ती हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाते.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण आमच्या भागातल्या माणसाची बर्फाशी गाठ कशी पडली हे पाहायचं, तर दोन्ही लागतात. पहिलीमुळे इथली पोरं भारतीय सैन्यात जाऊ लागली. दुसरीमुळे सैन्यानं मैदानी मुलखातल्या जवानांना बर्फावर उभं राहायला शिकवण्याची पद्धत बसवली. आजही लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर पहाटे भरतीच्या तयारीसाठी धावणारी पोरं दिसतात. त्यांतल्या काहींची नेमणूक पुढे उत्तरेच्या डोंगरांत होते. गारपीट सोडली, तर आभाळातून बर्फ पडताना त्यांनी कधी पाहिलेला नसतो. तो त्यांना विशीत भेटतो, पाठीवर ओझं आणि समोर उस्ताद असताना.

गुलमर्गच्या उतारावर त्याआधीही लोक घसरत होते. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथं स्की क्लब ऑफ इंडिया काढला होता. तो सुट्टीचा, नाताळ-ईस्टरचा खेळ होता. १९४८ नंतर तो खेळ नोकरीचा भाग झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस पर्यटन खात्यानं तिथंच सामान्य नागरिकांसाठी स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था सुरू केली. तिचे पहिले प्राचार्य कर्नल नरेंद्र कुमार. हेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रमुख झाले, आणि १९७८ मध्ये सियाचीनवर त्यांनी नेलेल्या मोहिमेतून पुढच्या लष्करी इतिहासाची दिशा ठरली. म्हणजे आपल्याकडे बर्फावर घसरण्याचं संघटित शिक्षण मुख्यतः मोठ्या माणसांसाठी उभं राहिलं. युरोपातल्या डोंगरी गावात चार वर्षांचं पोर चालता चालता स्की शिकतं. आपण शिकतो ते भरती झाल्यावर, नाहीतर पगार सुरू झाल्यावर.

स्नोबोर्डची गोष्ट आणखी वेगळी आहे. स्कीला हजारो वर्षांचा इतिहास आहे. स्नोबोर्ड माझ्या वडिलांच्या पिढीचा. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या इंजिनिअरनं घरातल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी-शेजारी ठेवून जोडल्या. बायकोनं त्याला ‘स्नर्फर’ नाव दिलं, स्नो आणि सर्फ यांची संधी करून. पुढे ब्रन्सविक कंपनीनं ते खेळणं बाजारात आणलं. त्याच्या टोकाला धरायला दोरी होती, पाय बांधायची सोय नव्हती. १९७७ मध्ये तिशीही न गाठलेल्या जेक बर्टन कार्पेंटरनं व्हर्मॉंटमध्ये फळ्या बनवायला घेतल्या आणि पाय जखडणारी बाइंडिंग आली. तरी ऐंशीच्या दशकात बहुतेक स्की केंद्रांवर या फळीला बंदीच होती. शेवटी १९९८ मध्ये जपानच्या नागानोत ती ऑलिंपिकला पोचली. आणि पॉपेन? आधुनिक स्नोबोर्डवर ते स्वतः उभे राहिले ते साठी उलटल्यावर. ज्या खेळाचा जनक आजोबांच्या वयात तो शिकतो, तिथं सत्ताविसाव्या वर्षी जाणाऱ्यानं उशीर झाला म्हणून हळहळू नये.

मी त्याच वयात गुलमर्गला गेलो. आमचे काश्मिरी प्रशिक्षक माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिला दिवस एकच पाय फळीला बांधून दुसऱ्यानं ढकलत चालण्यात गेला. दुसरा दिवस फळी उताराला आडवी धरून, टाचेकडच्या कडेवर तोलून, हळूहळू खाली येण्यात. यातलं यंत्रशास्त्र सोपं आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्यामुळे तोल सांभाळायला फक्त टाच आणि चवडा उरतो. उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की माणूस क्षणात आपटतो. भीती वाटली की शरीर मागे झुकतं, वजन मागच्या पायावर जातं, पुढचं टोक पकड सोडतं आणि फळी वळतच नाही. थोडक्यात, उताराची भीती वाटते तेव्हा वजन उताराच्याच बाजूला टाकायचं असतं. लहान मुलाला हे सांगावं लागत नाही. त्याची उंचीही कमी आणि पडण्याचा हिशोबही. मोठा माणूस पडताना हात टेकवतो, म्हणून नवशिक्यांमध्ये मनगटाच्या दुखापती सर्वाधिक. मुठी मिटून, कोपरापुढच्या हातावर पडायचं, हे वेगळं शिकावं लागतं.

आमच्याकडे पोहणं असंच शिकवत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोराला विहिरीत सोडायचं. ज्याचं ते वय निघून गेलं, तो जन्मभर काठावर कपडे सांभाळत बसला. लातूर पॅटर्ननं या समजुतीला वेगळी धार दिली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेल्या या पद्धतीनं हजारो घरांचं नशीब बदललं, ते मी नाकारणार नाही. पण तिच्यासोबत एक गोष्ट मनात पक्की बसली: शिकायचं ते बारावीपर्यंत, आणि शिकायचं ते गुणांसाठी. त्यानंतर येतं ते काम. तिशीकडे झुकलेल्या माणसानं कशात तरी अगदी ‘ढ’ असणं, रोज पडणं, आणि त्यातून काहीच पदरात न पडणं, हे आमच्या शब्दकोशात बसत नाही. गावी फोनवर हे सांगितलं तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, “मग ह्याचं सर्टिफिकेट मिळतंय का?”

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकाच कुरणात सैन्याची शाळा आहे आणि आमच्यासारख्या हौशींचे वर्ग आहेत. जवान बर्फावर शिकतो तो पोटासाठी आणि हुकमासाठी. मी पैसे मोजून शिकतो. गावातून पहाटे धावणारा पोरगा आणि मी एकाच मातीतले, पण पडणं माझ्यासाठी मौज आहे आणि त्याच्यासाठी कर्तव्य. मोठेपणी नवशिकं होण्याची चैन परवडणं, हीच गेल्या पिढीत आमच्याकडे आलेली सुबत्ता आहे, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही.

आता त्या बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी पडले होते, आणि तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्येही बर्फाअभावी तीच पाळी आली. घोडेवाले, स्लेजवाले, हॉटेलं, प्रशिक्षक, सगळ्यांचा हंगाम आभाळाकडे बघत गेला. लातूरच्या माणसाला हे चित्र परकं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर जमलेली गर्दी आम्हाला आठवते. हिमालयातला बर्फ म्हणजे तिथल्या नद्यांचं उन्हाळ्यातलं पाणी. तो पडला नाही तर खेळ थांबतो ही त्यातली सगळ्यात लहान बातमी. पाऊस न पडलेल्या वर्षात शेतकरी काय करतो हे मराठवाड्याला ठाऊक आहे. बर्फ न पडलेल्या वर्षात ते प्रशिक्षक काय करतात, हे गुलमर्गला जाणाऱ्या आपल्या माणसांनी उतारावरून घसरण्याआधी एकदा तरी विचारावं.