एक ज्वारी, दोन पोटं

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय आपल्या ताटातला आन् गोठ्यातला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा घाटनांदूरच्या स्टेशनवर बसलो होतो. शेजारी एक आजोबा होते. बोलता बोलता म्हणाले, "आधी सोयरीक जमवताना ज्वारी किती पोती आन् कडबा किती पेंढ्या, दोन्ही इचारायचे. आता सोयाबीनचा भाव तेवढा इचारतेत."

गाडीला वेळ होता. मनात आलं, या रुळांवरून एकीकडं परळीमार्गे परभणी, दुसरीकडं विकाराबादवरून हैदराबाद. ज्वारीवरचं आणि ज्वारी खाणाऱ्या माणसावरचं मोठं संशोधन याच दोन टोकांना झालं. मधल्या आपल्या स्टेशनवर त्यातलं किती उतरलं?

सुरुवात हैदराबादपासून करू. १९५६ पर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. १९५८ साली कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. त्या काळी दख्खनच्या गरीब, ज्वारीवर जगणाऱ्या माणसांत पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून फाटायची, जुलाब लागायचे, पुढं पुढं डोक्यावरही परिणाम व्हायचा. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की, ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचं जास्त प्रमाण शरीरातल्या नायसिन जीवनसत्त्वाच्या आड येत असावं. पुढं त्यावर वाद झाले. पण एक गोष्ट पक्की होती: दोष भाकरीचा कमी, आणि भाकरीबरोबर काहीच नसण्याचा जास्त. डाळ, दूध, शेंगदाणे ताटात असले की हा आजार सहसा होत नाही. आपल्या आज्या कालवणाशिवाय भाकरी वाढायच्या नाहीत, त्यात किती शहाणपण होतं बघा.

आता शेताकडं येऊ. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, सीएसएच-१. दाणा भरपूर, पण ताट बुटकं. शास्त्रज्ञ दाण्याचे क्विंटल मोजत होते आणि शेतकरी विचारत होता, "बैलाला काय घालू?" शिवाय खरिपाच्या ज्वारीवर काढणीच्या तोंडाला पाऊस पडला की बुरशी धरते, दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीला भाव कोण देणार? रब्बीत मालदांडी टिकून राहिली ती भाकरीच्या चवीमुळं आणि कडब्यामुळंही. खरिपात मात्र ज्वारीची जागा हळूहळू सोयाबीननं घेतली.

मग आलं १९७२. दुष्काळ. रेशनवरची लाल मिलो आणि कामावरची सुकडी आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी खाल्लेली. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. कोरडवाहू पिकांवर काम करणारी.

दुष्काळात जनावरावर दुहेरी संकट येतं. एक तर चारा नाही. त्यात पाण्याच्या ताणानं सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत, नाहीतर कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात, सायनाइडचं विष तयार होतं. आपण म्हणतो, "किराळ लागली." भुकेलं जनावर त्यात घुसलं की धापा टाकतं, थरथरतं आणि बघता बघता दगावतं. डॉक्टर वेळेत पोचले तर सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शननं वाचू शकतं. पीक पक्व होऊन कडबा नीट वाळला की धोका बराच कमी होतो. म्हणजे एकच झाड, पण त्याचं विज्ञान न कळणं माणसाला एका रीतीनं आणि बैलाला दुसऱ्या रीतीनं महागात पडतं.

आता अलीकडचं ऐका. २०१८ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. त्यात किलोमागं लोह सुमारे ४५ मिलीग्रॅम आणि जस्त ३२. नेहमीच्या वाणांत ते ३० आणि २० च्या आसपास असतं. घरात एखादी बाई दिवसाला ३०० ग्रॅम पिठाची भाकरी खात असेल, तर लोह ९ ऐवजी साडेतेरा मिलीग्रॅम मिळेल. तिची रोजची गरज २९ धरली आहे. भाकरीनं सगळं भागणार नाही, पण साडेचार मिलीग्रॅम थोडं नाही. त्यातलं सगळं अंगी लागत नाही. म्हणून जेवणात लिंबू असू द्या आणि जेवणावर लगेच चहा नको.

हे नुसतं कागदावरचं नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात वसतिगृहातल्या २४६ मुलामुलींवर लोहयुक्त बाजरीची चाचणी झाली, ती २०१५ साली छापून आली. सुरुवातीला लोह कमी असलेल्या मुलांमध्ये ही भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवाल्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त होती. गोळी नाही, इंजेक्शन नाही. भाकरी!

आणि गरज किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांत ६८.९ टक्के. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलो लिहिलं होतं. माझ्या घरच्या पिशवीत मात्र आले गहू आणि तांदूळच.

माझं म्हणणं एवढंच. ज्वारी गेली ती शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून नाही. भाव नाही, काळी पडते, पाखरं खातात, काढणीला माणूस मिळत नाही, म्हणून गेली. ती परत यायची तर नुसतं "पौष्टिक खा" सांगून भागणार नाही. बियाणं तालुक्याला मिळालं पाहिजे, हमीभावानं खरेदी झाली पाहिजे, अंगणवाडीच्या ताटात भाकरी आली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत मी हे तीन मुद्दे लेखी देणार आहे. सोबत कोण येतंय?

आणि तुमच्या रानात शेवटची ज्वारी कोणत्या साली पेरली होती, तेही लिहा. गावाचं नाव टाका. आपला हा इतिहास आपणच जमवू.