डिस्प्लेफॉरमॅट
मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या व्हीबीए या मॅक्रोभाषेतील एक गुणधर्म. सेल पडद्यावर प्रत्यक्षात कशी दिसते आहे, हे तो सांगतो. एक्सेल २०१० पासून उपलब्ध. कंडिशनल फॉरमॅटिंगने आलेला रंग वाचणे हा त्याचा मुख्य उपयोग.

कंडिशनल फॉरमॅटिंग एक्सेल ९७ मध्ये आले. त्यात सेलचा स्वतःचा रंग बदलत नाही. अट पुरी होत असेल तोवर त्यावर दुसरा रंग दाखवला जातो, इतकेच. गुणतक्त्यात ३५ हून कमी गुण फिकट लाल करण्याचा नियम लावला आणि २८ गुणांच्या सेलला मॅक्रोने ‘इंटिरिअर.कलर’ विचारला, तर उत्तर १६७७७२१५ येते, म्हणजे पांढरा. सेल डोळ्यांसमोर लाल असते, तरीही! तेच ‘डिस्प्लेफॉरमॅट.इंटिरिअर.कलर’ असे विचारले की १३५५१६१५ मिळते. हा आकडा लाल + हिरवा × २५६ + निळा × ६५५३६ या हिशेबाने बनतो. एक्सेलच्या तयार फिकट लाल छटेत हे घटक अनुक्रमे २५५, १९९ आणि २०६ असतात.

२०१० पूर्वी ‘फॉरमॅटकंडिशन्स’मधला एकेक नियम काढून तो लागू पडतो का, हे मॅक्रोलाच पडताळावे लागे. एक्सेल २००३ पर्यंत एका सेलला तीनच अटी लावता येत, म्हणून ते निभत असे. २००७ मध्ये ती मर्यादा उठली, कलर स्केल आले आणि तसला कोड फारच किचकट झाला.

मोठी अडचण अशी, की सेलमध्ये फॉर्म्युल्यासारखे वापरलेल्या स्वतःच्या फंक्शनमध्ये डिस्प्लेफॉरमॅट चालत नाही, ‘#व्हॅल्यू!’ अशी त्रुटी येते. ‘इव्हॅल्युएट’ची पळवाट काहीजण वापरतात. त्यापेक्षा बटणावर चालणारा साधा मॅक्रो लिहिणे बरे.

गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमधील ‘गेटबॅकग्राउंड’ही सेलचा मूळ रंगच देते. नियम लागू झाल्यानंतरचा रंग शीट्स एपीआयच्या ‘इफेक्टिव्हफॉरमॅट’मधून मिळतो.

नुसती मोजणी हवी असेल तर बहुतेकदा मॅक्रोची गरजच नसते. रंगानुसार फिल्टर लावून ‘सबटोटल’ घ्यावे, किंवा रंगाच्या मागची अटच ‘काउंटइफ’ला द्यावी. मात्र ‘पेक्षा कमी’ हा नियम रिकामी सेल शून्य धरतो, ‘काउंटइफ’ ती मोजत नाही. गैरहजर विद्यार्थ्याची कोरी सेल लाल दिसते आणि रंगाने केलेल्या आणि ‘काउंटइफ’च्या मोजणीत तेवढा फरक पडू शकतो.