दात किती कोरडा करावा?

दातातील कीड काढून तेथे दाताच्याच रंगाचे भरण बसवणे आता सर्वत्र रूढ झाले आहे. बोलीभाषेत याला ‘दातात सिमेंट भरणे’ म्हणतात. वस्तुतः ते बहुधा निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे रेझिन असते. ते टिकेल की सुटेल, हे बरेचसे त्याखालच्या पातळ चिकटद्रव्यावर आणि ते लावताना दात किती कोरडा होता, यावर ठरते.

फॉस्फरिक आम्लाने खरखरीत केलेल्या एनॅमलवर रेझिन पक्के धरते, हे अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असल्यामुळे ते खडखडीत वाळवले तरी बिघडत नाही. उलट, वाळल्यावर येणारी खडूसारखी पांढुरकी झाक ही आम्ल नीट लागल्याची खूण मानतात.

खरी अडचण आहे ती आतल्या डेंटीनची. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. उरलेले कोलॅजेनादी सेंद्रिय द्रव्य आणि पाणी. आम्लाने वरच्या काही मायक्रॉनांतील खनिज विरघळते आणि कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे केवळ पाण्याच्या आधाराने फुललेले राहते. त्यावर जोराने हवा मारली, की पाण्याबाहेर काढलेल्या कुंचल्याच्या केसांसारखे हे तंतू एकमेकांना चिकटून बसतात. मग रेझिनला आत शिरायला वाट उरत नाही, आणि पुढे गार पाणी लागताच दातात कळ येते. पाणी फार राहिले तरी रेझिन पातळ होते, पूर्ण कडक होत नाही. म्हणून १९९० च्या दशकापासून डेंटीन हवेने न वाळवता कापसाच्या बोळ्याने टिपून घेण्याची पद्धत आली: पृष्ठभाग चकाकावा, पण पाणी साचलेले दिसू नये.

चिकटद्रव्यातील द्रावकही पाहावा लागतो. अ‍ॅसिटोनयुक्त द्रव्य वाळलेल्या डेंटीनवर कमकुवत ठरते. पाणी असलेले द्रव्य बसलेले तंतू काहीसे पुन्हा उठवते. मात्र द्रव्य लावल्यानंतर तोच द्रावक उडवण्यासाठी हलकी हवा मारावीच लागते. क्षणापूर्वी वर्ज्य असलेली हवा आता आवश्यक ठरते, आणि घाईत नेमकी हीच पायरी आटोपती घेतली जाते. स्वतःच आम्लाचे काम करणारी, धुवावी न लागणारी चिकटद्रव्ये आल्याने ओलाव्याचा अंदाज सोपा झाला. द्रावक उडवणे चुकलेले नाही.

ही हवाही स्वच्छ हवी. गोव्यासारख्या दमट किनारपट्टीत कंप्रेसरच्या टाकीत पाणी लवकर साचते; ते नियमित काढले नाही, तर हवेबरोबर पाण्याचे, प्रसंगी तेलाचेही, तुषार दातावर येतात.