कुलूप लावलेल्या दाराला गृहभेट कशी देणार?

दिवाळी सरली की सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ तालुक्यांतल्या तांड्यांत आणि बौद्ध-मातंग वस्त्यांत दारांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात ते उन्हाळ्यात. सरकारची गृहभेट योजना मात्र त्या कुलपापाशीच थांबते.

सरकार गरिबाच्या दारात कशासाठी येते, हा प्रश्न जुना आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या काळात गोरे सोजीर घरे झडत होते. लोक भीतीने आजारी माणसे लपवत होते. त्याच वर्षी सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगग्रस्त लेकरू पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि 10 मार्चला स्वतःचा प्राण दिला. एक भेट हुकमाची होती, दुसरी आपुलकीची.

पुढे 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचलावा, ही त्यांची मांडणी होती. 1929 चा तो कायदा कारखान्यातल्या बायांपुरता, तोही मुंबई इलाख्याचा. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. आजही साखर कारखान्याच्या हजेरीपटावर ऊसतोड बाईचे नाव नसते. ती मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता असते.

गृहभेटीने लेकरे वाचतात, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांच्या घरी पाठवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 2011 पासून देशभर आशाताई घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशा सहा भेटी.

आता हा हिशेब कोयत्याला लावून बघा. बाळंतीण पंधराव्या दिवशी ट्रकमध्ये चढली, तर एकविसाव्या दिवशी तिच्याकडे कोण जाणार? इकडची आशा म्हणते, बाई गावात नाही. तिकडची म्हणते, बाई आमच्या गावची नाही. भेटी पूर्ण झाल्यावर मिळणारे तुटपुंजे मानधनही दोघींना नाही. म्हणून त्यांना दोष देऊ नका. त्याही बहुतेक आपल्याच, राबणाऱ्या बाया. शिवाय ऊसतोड बाई पहाटेच फडात जाते. दुपारी कोपीवर कुणी सापडत नाही, आणि भेटीसाठी थांबावे तर खाडा पडून पैसे कापले जातात.

म्हणून मागणी साधी आहे. बाई जिथे आहे तिथे तिची नोंद व्हावी. हंगाम सुरू होतानाच कोपीवरच्या गरोदर आणि बाळंतिणींची यादी कारखान्याने त्या गावच्या आरोग्य केंद्राला द्यावी. भेट संध्याकाळी व्हावी, तांड्यावरच्या बाईशी गोरमाटीत बोलणारी सोबत असावी. आशेला प्रत्येक भेटीचे वेगळे मानधन मिळावे. आणि भेटीच्या दिवशी खाडा कापू नये; त्याचा खर्च कारखान्याने सोसावा, कारण साखर त्याची आहे.

गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना आता नोंदवहीबाहेर ठेवले जात आहे. ही नवी वेस आपणच मोडली पाहिजे.

जय भीम!