चालत्या घराचे शास्त्र : प्रस्तावना

दहा-बारा फूट लांब आणि जेमतेम सहा फूट रुंद अशा पत्र्याच्या पेटीत दोन माणसांनी निजायचे, रांधायचे, अंघोळ करायची, पावसात भिजलेले कपडे वाळवायचे. आणि सकाळ झाली की हाच सारा संसार घेऊन त्या पेटीने आंबोलीचा घाट सुखरूप उतरायचा. बस किंवा व्हॅनचा कॅम्पर करणे म्हणजे या दोन्ही मागण्या एकाच वस्तूकडून पुऱ्या करून घेणे. सांगायला सोपे वाटणारे हे काम हाती घेतले की त्यात वाहनबांधणी येते, सुतारकी येते, वीज आणि उष्णता यांचे पदार्थविज्ञान येते, आरोग्य येते आणि मोटार वाहन कायदाही येतो. यांतल्या प्रत्येकाचे उत्तम जाणकार आपल्याकडे आहेत. मात्र ही क्षेत्रे जिथे एकमेकांना भिडतात, त्या जागेविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करावे आणि त्यांच्या हाती त्याची रूपरेषा द्यावी, यासाठी ही प्रस्तावना.

मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकणे बरे. कॅम्पर ही आधी गाडी असते आणि मग घर. म्हणून तिच्यातली प्रत्येक सोय मोजून घेतलेली असावी, आणि जमेल तिथे ती परत काढता यावी. सोय मोजलेली नसेल तर तिचा भार ब्रेकवर, बॅटरीवर किंवा माणसाच्या श्वासावर पडतो. पुढची सगळी चर्चा याच दोन कसोट्यांभोवती फिरते.

विषयाचा इतिहासही तेच सांगतो. चाकांवर संसार करणारे लोक फार जुने आहेत. राजस्थानातून निघालेले गाडिया लोहार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांतून हिंडले. युरोपात रोमा समाजाच्या रंगीत घोडागाड्या होत्या. केवळ हौसेसाठी असे घर बांधून घेण्याची सुरुवात मात्र विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यापासून मोजण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १८८५ मध्ये तिच्यातून थेट स्कॉटलंड गाठले. महोगनीच्या थाटाची ही गाडी सामानासह दोन टनांच्या आसपास भरे. तिला ओढायला दोन घोडे लागत, आणि अरुंद रस्त्यांवर समोरच्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. चालत्या घराचे वजन आणि रुंदी ही डोकेदुखी अशी पहिल्या दिवसापासून सोबत आहे.

त्यावरचे सर्वांत शहाणपणाचे उत्तर जर्मनीत मिळाले. फोक्सवॅगनची ‘टाइप २’ व्हॅन १९५० मध्ये उत्पादनात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या गाडीबांधणीच्या कारखान्याने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. ही घडीच्या सामानाची एक पेटी होती. आठवडाभर व्हॅनमधून धंद्याचा माल न्यायचा, शनिवारी पेटी आत सरकवून कुटुंबासह बाहेर पडायचे आणि सोमवारी ती पुन्हा उतरवून ठेवायची. एकच गाडी परवडणाऱ्या माणसासाठी केलेली ती रचना होती. आज आपल्याकडे या विषयात येणाऱ्या बहुतेकांची स्थितीही हीच असते, म्हणून सत्तर वर्षे उलटल्यावरही त्या पेटीचा अभ्यास करावासा वाटतो.

जपानमध्ये तिसरे वळण मिळाले. तिथल्या ‘केई’ वर्गातल्या गाड्यांना ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिन अशी मर्यादा आहे. या चिमुकल्या व्हॅनमध्येही तिथे नीटनेटके कॅम्पर बांधले जातात. आपली मारुती ओम्नी सुझुकीच्या याच वर्गातल्या ‘कॅरी’ व्हॅनवरून आलेली. १९८४ पासून २०१९ पर्यंत ती बनत होती. ओम्नी किंवा ईको बाळगणाऱ्याने म्हणूनच अमेरिकेतल्या चाळीस फुटी स्कूलबसचे आराखडे बाजूला ठेवून जपानी आराखडे आधी पाहावेत.

आपल्या किनाऱ्यापर्यंत ही परंपरा गाडीतूनच आली. १९६० आणि ७० च्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान पार करून युरोपातल्या कितीतरी व्हॅन भारतात उतरल्या. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा मुक्काम गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर पडला. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले आणि तो रस्ता तुटला.

असे असले तरी महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक पाहावा. तंबू, शिधा, मोठी भांडी आणि शेकडो माणसांच्या वळकट्या त्यात चढतात, मुक्कामाला उतरतात आणि पहाटे पुन्हा चढतात. मुक्कामी आधी लागणारी वस्तू शेवटी चढवायची, हा नियम तिथे कुणाला शिकवावा लागत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅनिटी व्हॅन रुळली, आणि ती आणण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिले जाते. बसच्या सांगाड्यात आरसे, वातानुकूलन, संडास आणि जनित्र बसवणारे कारागीर या धंद्याने घडवले. पुण्यात शहर वाहतुकीतून बाद झालेल्या बसमध्ये ‘ती’ या नावाने स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. कॅम्परसाठी सर्वाधिक पसंतीची फोर्स ट्रॅव्हलर तर पुण्याच्याच कंपनीची. बजाज टेम्पो या जुन्या नावाखाली डाइम्लर-बेंझच्या बांधणीवर ती १९८७ मध्ये बाजारात आली. हिच्यात उभे राहता येते आणि हिचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो. गाडी निवडताना हे दोन गुण इतर कशाहूनही मोलाचे आहेत.

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पहिला हिशेब वजनाचा. प्रत्येक गाडीचे भारासह कमाल वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते तेवढेच आपले. त्यात माणसे, इंधन, पाणी, फर्निचर, भांडी, कपडे सगळे बसवायचे. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड तीस किलोंच्या पुढे जातो. घरच्या सवयीने सुताराने असे आठ ताव वापरले तर अडीचशे किलो भिंतीतच गेले. म्हणून जाणकार कारागीर सांगाडा ॲल्युमिनियमचा करतो, त्यावर पातळ प्लाय मढवतो आणि साध्या नटांऐवजी सहज सैल न होणारे नायलॉक नट वापरतो, कारण आपल्या रस्त्यांच्या धक्क्यांनी साधे नट सुटत जातात. वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही धुरांच्या मधे, खाली, डाव्या-उजव्या बाजूंना समतोल राखून बसवावी. टपावर चढवलेले सामान घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडीला बाहेर खेचते. काम अर्धे झाल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा गाडी वजनकाट्यावर न्यावी, आणि पुढच्या व मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. काट्याच्या या पावतीइतका खरा अभिप्राय दुसरा कुणी देणार नाही.

दुसरा हिशेब विजेचा, आणि तो वॉट-तासांत मांडायचा. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ४५० वॉट-तास घेतो, रात्रभर चालणारा पंखा २००, दिवे ५०, फोन आणि लॅपटॉप १५०. बेरीज ८५०. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२८० वॉट-तास साठवते आणि त्यातले बहुतेक वापरू देते. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. छपरावरचे २०० वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास देते. कोकणातल्या आषाढात त्याचा थोडाच अंश हाती लागतो, तेव्हा चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर लावून बॅटरी भरावी लागते. वातानुकूलन यंत्र मात्र तासाला हजारेक वॉट-तास मागते, म्हणजे ही सगळी साठवण तासाभरात संपली. बारा व्होल्टवर मोठा भार टाकला की तारेतून प्रचंड प्रवाह वाहतो. म्हणून तार जाड हवी, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. कुठेही बसवला तरी चालेल, असा हा फ्यूज नव्हे. तो नसलेल्या गाडीत निजू नये.

तिसरा हिशेब उष्णता आणि हवेचा. या बाबतीत युरोपातली पुस्तके आपल्याला अर्धीच मदत करतात, कारण त्यांचा शत्रू थंडी आहे. आपल्याकडे दुपारचे ऊन दर चौरस मीटरला जवळजवळ एक किलोवॅट इतके तापवते. आठ चौरस मीटरच्या छपरावर सात-आठ किलोवॅट येतात, म्हणजे सात-आठ हीटर एकाच वेळी सुरू असल्याएवढे. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे काय करील ते सांगायला नको. उपायांचा क्रम ठरलेला आहे : आधी सावली, मग पांढरे छप्पर, मग पत्र्याला घट्ट चिकटवलेला बंद छिद्रांचा नायट्राइल फोम, मग छपरावरून गरम हवा खेचणारा पंखा. वातानुकूलनाचा विचार सगळ्यांत शेवटी. पॅनेल आणि छप्पर यांच्यात बोटभर फट ठेवली तर पॅनेलच छत्रीचे काम करते, आणि विजेचा हिशेब उष्णतेच्या हिशेबाला अशी मदत करतो. थंड रात्री प्रश्न उलटतो. दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत जाते आणि गार पत्र्यावर दवासारखे जमते. फोमच्या मागे फट राहिली तर तिथे गंज धरतो, म्हणून महाबळेश्वरच्या थंडीतही एक खिडकी किलकिली ठेवावी.

पाण्याचा हिशेब आपल्याला सवयीचा आहे, कारण बादली-तांब्याने पंधरा लिटरमध्ये अंघोळ करणारे आपण आहोत. एक लिटर म्हणजे एक किलो हे लक्षात ठेवले की पुरे. वीस लिटरचे जार गावोगाव मिळतात, भरायला, धुवायला आणि बदलायला सोपे असतात. कायमच्या टाकीपेक्षा असे चार जार अनेकदा अधिक उपयोगी ठरतात. सांडपाणी मात्र वेगळ्या कॅनमध्ये साठवावे आणि योग्य जागीच रिकामे करावे. नदीकाठी किंवा कुणाच्या बांधावर ते सोडणाऱ्याला पुढच्या वेळी तिथे कुणी उभे करणार नाही, आणि ते योग्यच असेल.

गॅसबाबत तडजोड नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा असला पाहिजे. शेगडीने गाडी ऊबदार करू नये, कारण अपुऱ्या हवेत ज्वलन झाले की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र बिछान्याजवळ असावे. आसनांबाबतही तडजोड नाही. बसण्याची प्रत्येक जागा पट्ट्यासह आणि मूळ बांधणीला धरून असावी. गाडी थांबते तेव्हा आतली सुटी वस्तू थांबत नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, कायद्याने दिलेले अपवाद सोडता, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. दुसरीकडे मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. म्हणजे दार बंद नाही, पण ते आरटीओतून उघडते. छप्पर कापणे, आसने कायमची काढणे, गाडीचा वर्ग बदलणे यांसाठी लेखी परवानगी आणि विमा कंपनीला सूचना हवी, आणि तीही काम सुरू होण्याआधी. याउलट उतरवता येणारी पेटी, सुटे जार, वेगळी ठेवलेली बॅटरी असा मार्ग घेतला तर मूळ बांधणीला कमीत कमी हात लागतो. तरीही नेमके काय चालेल ते विचारूनच पुढे जावे. वेस्टफालियाच्या १९५१ च्या त्या पेटीतले शहाणपण इथे कायद्याच्या बाजूनेही उपयोगी पडते.

या क्षेत्रात मतभेद आहेत आणि ते असावेत. पंचवीस फुटी बस घ्यावी की ओम्नीत भागवावे? संडास आत असावा की नसावा? सगळे विजेवर चालवावे की गॅस ठेवावा? यांची उत्तरे प्रवास करणाऱ्याच्या वयावर, प्रकृतीवर आणि मुक्कामाच्या जागेवर ठरतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला उंच पलंगाचा सुंदर आराखडा निरुपयोगी आहे, आणि एकटीने प्रवास करणाऱ्या बाईसाठी पलंगावरून थेट चालकाच्या आसनापर्यंत जाता येणे ही चैन नसून सुरक्षेची गरज आहे. काही प्रश्नांवर काम व्हायला हवे आहे : समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा कसा टिकवावा, सलग पावसात कपडे कसे वाळवावेत, गावाशी न भांडता रात्री गाडी कुठे लावावी. या प्रश्नांची उत्तरे परदेशी पुस्तकांतून येणार नाहीत. ती इथल्या कारागिरांनी आणि प्रवाशांनी मोजून, लिहून एकमेकांना द्यायची आहेत.

म्हणून या विषयात येणाऱ्याने अभियंता असण्याची अट नाही. फॅब्रिकेटर, सुतार, वायरमन, शिक्षक, निवृत्त जोडपी, कॉलेजातली मुले, सगळ्यांना इथे जागा आहे. अपेक्षा एवढीच की करवत उचलण्याआधी वही उचलावी. पहिल्या पानावर नोंदणीपत्रातले वजन लिहावे, दुसऱ्यावर आपल्या एका साध्या दिवसाची वीज आणि पाणी, तिसऱ्यावर सोबतच्या माणसांच्या गरजा. ही तीन पाने प्रामाणिकपणे भरली तर गाडी कोणती घ्यावी, तिच्यात काय बसवावे आणि काय घरीच ठेवावे यांतले निम्मे निर्णय सुटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी कार्यशाळेतले हात, रस्त्यावरचा अनुभव आणि एकमेकांच्या नोंदी लागतील. आपलीही वही त्यांत जमा करावी, ही अगत्याची विनंती.