निवळीचे बी

गढूळ पाणी स्थिर होऊन स्वच्छ झाले म्हणजे मराठी माणूस ते 'निवळले' असे म्हणतो. आभाळ निवळते, भांडण निवळते, तसे पाणीही निवळते. याच शब्दाच्या गोत्रातले नाव धारण करणारा एक वृक्ष जुन्या चांदा जिल्ह्याच्या पानझडी अरण्यात आढळतो. त्या जिल्ह्याचे १९८२ साली चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन भाग झाले. निवळीचे झाड दोहोंच्या वाट्याला आले.

कृती अगदी साधी आहे. निवळीचे बी माठाच्या आतल्या ओल्या अंगाला मिनिट-दोन मिनिटे घासावयाचे, मग त्यात गढूळ पाणी ओतून माठ हलू न देता ठेवावयाचा. काही तासांत गाळ तळाशी बसतो. मातीचे अतिसूक्ष्म कण एकाच जातीच्या विद्युद्भाराने भारलेले असल्यामुळे परस्परांना दूर लोटतात आणि म्हणून पाण्यात तरंगत राहतात. बियांतील चिकट द्रव्ये त्यांची मोट बांधतात व ती मोट स्वतःच्या भाराने खाली जाते. मात्र या झाडाचा सख्खा भाऊबंद म्हणजे कुचला, आणि त्याचे बी जहाल विषारी. दोघेही एकाच अरण्यात वाढतात. कुचल्याचे बी गुंडीसारखे सपाट व मोठे, निवळीचे लहान व फुगीर. हा फरक ओळखणाऱ्या माणसानेच बी आणावे, हे सांगणे नको.

हे ज्ञान फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत पाणी प्रसन्न करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत निवळी, म्हणजे संस्कृतातील कतक, अग्रभागी आहे, वस्त्रही आहे, मोती आणि रत्नही आहेत. मोत्यांची सोय गोरगरिबांच्या घरी कशी व्हावी, याचा विचार ग्रंथकाराने केलेला दिसत नाही. परंतु त्याच ग्रंथाने दूषित पाणी अग्नीवर तापवावे, उन्हात ठेवावे किंवा त्यात तापलेला लोखंडी गोळा बुडवावा, असेही सांगून ठेवले आहे. निवळवणे आणि तापवणे ही दोन निराळी कामे आहेत, याची जाणीव तेथे दिसते. पुढच्या काळात पहिले काम घरोघर राहिले. दुसऱ्याचा मात्र विसर पडत गेला.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. शहराच्या चार वेशी आणि रामाळा तलाव आजही त्या राजवटीची साक्ष देतात. या राजांच्या आश्रयाने खेडोपाडी तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडील कोहळी लोक या कामात निष्णात होते. तलाव धानासाठी बांधलेले खरे, पण माणसे, गुरे आणि धुणी यांचाही भार त्यांवरच पडे. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की उरलेले पाणी दाट आणि गढूळ होई. निवळीचे मोल गृहिणीला अशा वेळी कळे.

इ. स. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेने चांद्याला वेढा दिला आणि २० तारखेला शहर घेतले. चांद्याचा मे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या तटाच्या आतील पाण्याची स्थिती वर्णून सांगावी लागणार नाही. आणि त्याच वर्षी, आदल्या साली बंगालमधील जेसोर येथे उफाळलेली पटकी सैन्यांच्या मागोमाग दख्खनभर फिरत होती. पटकी पाण्यातून येते हे तेव्हा ना वैद्याला माहीत होते, ना साहेबाच्या डॉक्टराला. गावोगाव मरीआईला साकडे घातले जाई. माठातले पाणी निवळलेले असे, आणि तेच घात करी.

निर्मळ दिसणारे पाणी किती फसवे असते, याचा दाखला लंडनच्या १८५४ च्या साथीत मिळाला. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचे पाणी एका वृद्ध विधवेला इतके गोड लागे, की ती दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेल्यावरही रोज बाटली भरून आणवीत असे. साथ त्या पंपाभोवती होती, हॅम्पस्टेडमध्ये नव्हती. तरी ती बाई पटकीने गेली. डॉ. जॉन स्नो यांच्या तर्काला या एका मृत्यूने मोठे बळ दिले. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. ते तळे लोकांच्या पिण्याचे होते.

अरण्यातील लोक मात्र एक शहाणपण चालवीत आले होते. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळू उकरून ते झिरा काढतात आणि त्यात पाझरलेले पाणी भरतात. वाळूची ही गाळणी काय करू शकते, हे १८९२ साली युरोपास दिसले. एल्ब नदीचे पाणी हँबुर्गने न गाळता प्यायले आणि तेथे हजारो माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, शिवाय हँबुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी वाळूतून गाळून घेत होते म्हणून बहुतांशी वाचले. वस्त्राचेही तसेच. नारूचा रोग पाण्यातील एका बारीक कीटकाच्या पोटातून येई, आणि तो कीटक दाट कापडात अडकतो. १९९६ साली भारतातील शेवटचा नारूचा रोगी नोंदला गेला, त्यात या गाळण्याचा वाटा मोठा होता. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले, तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्मे झाल्याचे आढळले. उरलेल्या निम्म्यांना मात्र कापड पुरले नाही.

झिऱ्याचा आधारही पुरात राहत नाही, कारण पात्रच पाण्याखाली जाते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने ब्रह्मपुरी भागातील गावांना वेढले. २०२२ च्या जुलैत चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. भामरागडचा रस्ता तर पर्लकोटेच्या पुराने वारंवार तुटतो. विहिरीत पुराचे पाणी उतरते, वीज जाते, नळ कोरडे पडतात. चोहीकडे पाणी, आणि पिण्यास घोटभर नाही. अशा वेळी क्रमाला महत्त्व आहे. प्रथम पाणी निवळवावे, मग वरचे पाणी अलगद ओतून दाट वस्त्राने गाळावे, आणि शेवटी ते खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. सरपण ओले असेल तर क्लोरीनचे औषध वेष्टनावरील मापाने घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यातच औषध टाकणे व्यर्थ आहे, कारण ते गाळातच खर्ची पडते. जुन्या निवळीला नव्या औषधाच्या काळातही काम उरते ते येथे.

पावसाळ्यापूर्वी साठाच करून ठेवणे अधिक सोपे. माणशी दिवसाला चार लिटर आणि निदान तीन दिवसांचे पाणी, असा हिशेब धरतात. पाच माणसांच्या घराला साठ लिटर लागतात; एक बेताचा रांजण. तांब्याच्या भांड्याविषयीची जुनी श्रद्धाही निराधार नाही. १९१२ नव्हे, अगदी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात तांब्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झालेले आढळले. पण उकळलेले पाणी पुन्हा बिघडते ते बहुधा घरातच, तांब्या धरून आत बुडालेल्या हाताने. म्हणून रांजणावर झाकण असावे, आणि झाकणावर लांब दांड्याचे ओगराळे पालथे घातलेले असावे.