सुक्याबरोबर ओलेही

किरण पेशीच्या केंद्रकातून आरपार गेला तरच पेशीला इजा होते, हे विसाव्या शतकातील किरण-जीवशास्त्राने जवळजवळ गृहीतच धरले होते. केंब्रिजच्या डग्लस ली यांनी १९४६ च्या ग्रंथात या ‘लक्ष्य सिद्धान्ता’ला गणिताची बैठक दिली. गोळी लागली तो जखमी, शेजारचा सुखरूप. हिशेब सोपा होता आणि पुष्कळदा जुळायचाही.

न जुळणाऱ्या नोंदी होत्याच. १९५४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या प्लीहेवर क्ष-किरण सोडले, तर छातीच्या हाडातील मज्जाही बदललेली आढळली. १९६८ मध्ये, सर्वांगावर किरणोत्सर्ग झालेल्या माणसांच्या रक्तद्रवामुळे निरोगी पेशींतील गुणसूत्रे तुटताना दिसली. हे निबंध छापून आले. पण ज्या कपाटात ते ठेवायचे, त्यात त्यांच्यासाठी खणच नव्हता, असे मला वाटते.

कोंडी फोडली ती हार्वर्डच्या नागासावा आणि जॉन लिटल यांनी, १९९२ साली. हॅमस्टरच्या पेशींवर त्यांनी अल्फा कणांचा मारा केला, तोही इतका विरळ की शंभरात एका केंद्रकालाही कण लागू नये. तरीही सुमारे ३० टक्के पेशींत गुणसूत्राच्या जुळ्या धाग्यांमधली तुकड्यांची अदलाबदल वाढली. खुबी अल्फा कणाच्या निवडीत आहे. तो जड, जवळजवळ सरळ रेषेत जाणारा, थोड्या अंतरात थांबणारा. त्यामुळे किती केंद्रकांना लागला याचा हिशेब मांडता येतो. आधीच्या नोंदींत नेमका हा आकडा नव्हता.

मग निरोप जातो कसा? डब्लिनमध्ये कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सीमोर यांनी १९९७ मध्ये किरण झेललेल्या पेशींचे नुसते पोषकद्रव दुसऱ्या पेशींवर ओतले. त्यांतल्या कित्येक मेल्या. तंतुपेशींच्या द्रवाने मात्र असे घडले नाही. पुढे लिटल यांच्याच गटाने पेशी-पेशींमधील सूक्ष्म जोडमार्गांचाही यात वाटा असल्याचे दाखवले.

प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. खाणीत, घरात साचणारा रेडॉन वायू अल्फा कणच सोडतो आणि फुप्फुसातील मोजक्याच पेशींना ते लागतात. शेजारच्या पेशीही बिघडत असतील तर अल्प मात्रेचा धोका अंदाजापेक्षा जास्त. बिघडलेली पेशी मरून बाजूला होत असेल तर कदाचित कमीही. २००७ च्या शिफारशींत आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने मात्रा आणि धोका यांची सरळ रेषा कायम ठेवली.